चिऱ्याच्या घरातलं वायफाय आणि मध्येच थांबणारं गाणं

गाणं लागतं, दोन-तीन मिनिटं झकास वाजतं आणि मग गप्प. कधी अ‍ॅप उघडलं तर स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणी उचलून स्पीकरकडे पाठवणारा डबा, यादीत दिसतच नाही, तासाभराने आपोआप दिसायला लागतो. कधी लाइट जाऊन आली की फोन, टीव्ही सगळं जोडलं जातं आणि हा एकटाच बाहेर राहतो. कोकणात आता बऱ्याच गावांत फायबर पोचलंय, लोक गावच्या घरात हौसेने अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर मांडतायत, आणि गाणं थांबलं की बहुतेक जण पहिलं काय करतात तर प्लॅन वाढवतात. ५० एमबीपीएसचा १०० करतात, १०० चा २०० करतात, आणि गाणं थांबायचं तिथेच थांबतं. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

म्हणून आधी हिशोब बघा. ३२० केबीपीएसचं गाणं म्हणजे एक एमबीपीएसचा, म्हणजे हजार केबीपीएसचा, तिसरा हिस्सासुद्धा नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं काहीही कॉम्प्रेस न करता १४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएसच्या आत. अगदी २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचं, घेतलं तरी सव्वानऊ एमबीपीएसच्या आसपास, आणि फ्लॅक करून, म्हणजे दर्जा न घालवता आकार कमी करून, येतं तेव्हा त्याहून बरंच कमी. म्हणजे ३०-४० चा साधा प्लॅनसुद्धा गाण्यासाठी भरपूर झाला. गाण्याला फार स्पीड लागत नाही, सलग पुरवठा लागतो. स्ट्रीमर काही सेकंदांचं गाणं आधी साठवून ठेवतो, त्याला बफर म्हणतात, आणि पुरवठा त्या सेकंदांपेक्षा जास्त वेळ तुटला की आवाज बंद. व्हिडिओवाले बफर मोठा ठेवतात, शिवाय क्वालिटी गुपचूप खाली आणतात, त्यामुळे 'टीव्हीवर तर सगळं नीट चालतं' यावरून काहीच ठरत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण सरसकट 'वायफाय गेलं' म्हणतो पण त्यात तीन वेगवेगळ्या वाटा असतात. एक, बाहेरून फायबरने राउटरपर्यंत येणारी. दुसरी, राउटरपासून स्ट्रीमरपर्यंतची. तिसरी, तुमच्या फोनपासून स्ट्रीमरपर्यंतची. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत गाणं फोनमधून जात नाही, फोन फक्त रिमोट असतो, गाणं स्ट्रीमर स्वतः थेट इंटरनेटवरून उचलतो. त्यामुळे फोनवर गाणं छान वाजतं म्हणजे स्ट्रीमरचं नेट ठीक आहे असं होत नाही, आणि अ‍ॅपमध्ये स्ट्रीमर दिसत नाही म्हणजे नेट बंद आहे असंही होत नाही. ब्लूटूथने लावलंत तर गोष्ट निराळी, तिथे सगळं फोनमधूनच जातं. यातली कुठली वाट तुटलीय ते आधी शोधायचं, मग हात घालायचा.

शोधायचं कसं? पहिली वाट सोपी आहे. फायबरच्या डब्यावर, त्याला ओएनटी म्हणतात आणि बऱ्याच घरांत राउटरही त्यातच असतो, एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, पावसात वाटेत फांदी पडून केबल तुटलेली असते बऱ्याचदा. तिथे घरात काही करण्यासारखं नाही, कंपनीला फोन लावायचा. दिवा ठीक असेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नुसत्या वायफायवर एखादं गाणं वाजवून बघा. वाजलं तर पहिली वाट मोकळी. मग तोच फोन घेऊन स्ट्रीमरच्या अगदी शेजारी उभे रहा आणि एखाद्या फुकट वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये सिग्नल बघा. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत गाण्याला चालतं, उणे ७५ च्या खाली गेलं की रडकथा सुरू. यात दर १० ने आकडा खाली गेला की ताकद दहापट कमी होते, त्यामुळे ६७ आणि ७७ मध्ये दिसतो त्यापेक्षा खूप मोठा फरक आहे. आयफोनवाल्यांना असा आकडा सहज दिसत नाही, त्यांनी तिथे उभं राहून राउटरला पिंग करावं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघावं. १९२.१६८.१.१ हा पत्ता असतो बहुधा, राउटरच्या मागच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. उत्तरं सलग पाच-दहा मिलिसेकंदांत आली तर छान, मधूनच ३००-४०० दाखवायला लागलं किंवा उत्तरच आलं नाही तर तुमचा दोषी सापडला.

आणि कोकणातल्या घरात तो बहुतेकदा इथेच सापडतो. कारण भिंती. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत चांगली जाड असते, वरून गिलावा, आणि पावसाळ्यात ती चार महिने ओल धरून ठेवते. वायफायच्या लहरींना पाणी अजिबात मानवत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये नीट चालणारा सेट जुलैमध्ये अडखळायला लागतो आणि माणूस म्हणतो मशीन बिघडली. त्यात केबल टाकायला येणारा मुलगा ओएनटी कुठे लावतो? जिथे वायर घरात शिरते तिथे, म्हणजे पडवीत नाहीतर ओटीच्या खिडकीशी. गाणी ऐकायची जागा असते माजघरात किंवा मागच्या खोलीत, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती, एखादं लोखंडी कपाट, फ्रीज. स्लॅबचं घर असेल तर वरच्या मजल्यावर जाताना सळ्यांचं जाळं आडवं येतं, आणि गच्चीवर पत्र्याची शेड करून तिथे बसायची जागा केली असेल तर पत्रा लहरी परत फेकतो, त्याच्या पलीकडे काही जात नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे, राउटर हलवा. घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर. कपाटात नको, टीव्हीच्या मागे नको, जमिनीवर तर नकोच. फायबरची आतली वायर लांब करून मिळते, कंपनीच्या माणसाला सांगितलं तर करून देतात, फक्त ती कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, आत काच असते, प्रकाश तिथेच गळतो. आणि स्ट्रीमरही बघा कुठे ठेवलाय. बऱ्याच जणांचा तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, धातूच्या पेटीला चिकटून असतो. वीतभर बाहेर, वर काढून ठेवा. एवढ्यानेसुद्धा आकडा पाच-सहाने सुधारलेला मी पाहिलाय.

दुसरा प्रश्न बँडचा, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यात चालतं त्याचा. २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून जास्त आत जातं पण तिथे गर्दी फार, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हन चालू झाला की तोही साधारण २.४५ वर गोंगाट करतो. ५ मोकळं आणि वेगवान पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतं. म्हणून माझं मत साधं आहे, राउटर आणि स्ट्रीमर एकाच खोलीत किंवा उघड्या दारातून समोरासमोर असतील तर ५, मध्ये चिऱ्याची भिंत असेल तर २.४. आजकाल राउटर दोन्हीला एकच नाव देतो आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतो, फोनला ते जमतं पण पुष्कळ स्ट्रीमर या ढकलाढकलीत तुटतात. सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी करा आणि स्ट्रीमरला एकच द्या. नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा, त्यात इमोजी वगैरे नको, काही जुन्या मशीनना ते वाचताच येत नाही. तसंच वायफायच्या सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए३ हा नवा प्रकार ठेवला असेल तर जुना स्ट्रीमर पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा पासवर्ड' म्हणत राहील, त्याला डब्ल्यूपीए२ लागतं.

चॅनलचं, म्हणजे बँडच्या आतल्या छोट्या पट्ट्यांचं, पण बघून घ्या. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे, त्यातला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. वाडीतल्या सुट्या घराला हा त्रास कमी, पण रत्नागिरी-चिपळूणच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर फरक लगेच कळतो. ५ मध्ये एक गंमत आहे जी फार थोड्यांना माहीत असते. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथे जाण्याआधी राउटरला निदान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं, आणि नंतर कधीही रडारसारखं काही ऐकू आलं की जागा सोडून जावं लागतं. काही स्ट्रीमरना हे चॅनल दिसतच नाहीत. राउटर 'ऑटो'वर असेल तर तो कधी रात्रीतून तिथे जाऊन बसतो आणि सकाळी फोनला नेट आहे, स्ट्रीमरला नाही. तेव्हा ऑटो काढून ३६ ते ४८ मधला किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल हाताने ठरवून द्या.

एवढं करून भिंत जिंकत असेल तर केबल टाका. मी तर म्हणतो स्ट्रीमरला लॅनचं भोक असेल आणि वायर नेता येत असेल तर वायफायच्या नादाला लागूच नका. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरात १५-२० मीटर पुरतात. घेताना शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्तात मिळते ती टाळा. समुद्राजवळ घर असेल, हर्णे, गुहागर, देवगड, मालवण असं कुठेही, तर खाऱ्या हवेने टोकाच्या पिना वर्ष-दोन वर्षांत काळ्या-हिरव्या पडतात आणि वायर दिसायला जोडलेली पण संपर्क धड नाही असं होतं. भोकाशेजारचा बारीक दिवा लागतोय का, का मध्येच विझतोय ते बघा, टोक काढून दोन-तीनदा आत-बाहेर करा, तात्पुरतं चालू झालं तर टोक बदलून घ्या. वायर उघड्यावरून, खळ्यातून किंवा माडाला बांधून शेजारच्या घरात नेऊ नका. वीज पडली तर तीच वायर ती आत आणते. आणि मे महिन्याच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागलं की प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवायची सवय लावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

केबल जमत नसेल तर रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारा डबा, किंवा मेश, म्हणजे असे दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय. रिपीटर लोक जिथे सिग्नल अजिबात नाही तिथे लावतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार, तो वाटेत, सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावायचा. स्वस्त रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो त्यामुळे स्पीड निम्मा होतो, गाण्याला तेही पुरतं, पण अडखळणं वाढतं. विजेच्या वायरीतून नेट नेणारे अ‍ॅडाप्टर जुन्या वायरिंगच्या घरात भरवशाचे नाहीत, दुकानदार परत घेणार असेल तरच आणून बघा.

आता तिसरी वाट, म्हणजे फोनला स्ट्रीमर दिसत नाही. हे प्रकरण लोकांना सर्वात जास्त दमवतं कारण सगळे दिवे हिरवे असतात. फोन स्ट्रीमरला शोधतो कसा तर तो अंगणात उभं राहून 'कोण आहे रे घरात?' अशी हाक मारतो, आणि ज्याला ऐकू येते तो ओ देतो. या हाकेला मल्टिकास्ट म्हणतात. एअरप्ले, क्रोमकास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट हे एका प्रकारची हाक वापरतात, डीएलएनए दुसऱ्या. आणि ती हाक फक्त एकाच नेटवर्कमध्ये ऐकू जाते.

राजापूरकडच्या माझ्या मामांच्या घरी नेमकं हेच झालेलं. कंपनीचा ओएनटी पडवीत, त्याचं स्वतःचं वायफाय चालू. आत रेंज नाही म्हणून त्यांनी बाजारातून नवा राउटर आणून वायरने मागे जोडला. मी विचारलं, "मामा, तुमचा फोन कुठल्या वायफायवर आहे?" तर म्हणाले, "अरे, आपल्याच घरातलं आहे, दुसरं कुठलं असणार!" दोन्ही आपलीच होती, पण फोनचा पत्ता १९२.१६८.०.१२ आणि स्ट्रीमरचा १९२.१६८.१.७. तिसरा आकडा बघा, एकाचा ० आणि दुसऱ्याचा १. म्हणजे नव्या राउटरने आपलं वेगळं नेटवर्क मांडलं होतं, स्ट्रीमर अजून जुन्यावर होता, दोघांना इंटरनेट मिळत होतं, गाणी दोघांवर वाजत होती, पण एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जात नव्हती. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकट्या ओएनटीकडे राहिलं, सगळे एका नेटवर्कमध्ये आले, आणि स्ट्रीमर लगेच यादीत दिसला. तुमच्याकडे दोन डबे असतील तर पहिली शंका हीच घ्या, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता दिसतो, स्ट्रीमरचा राउटरच्या यादीत दिसतो, ताडून बघायला पाच मिनिटं लागतात.

एकच डबा असेल तर या गोष्टी बघा. फोन गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, नाही ना. राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन चालू नाही ना, ते जोडलेल्या मशीनना एकमेकांशी बोलूच देत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक अ‍ॅपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी द्यावी लागते, पहिल्यांदा विचारतं तेव्हा घाईत 'नको' दाबलं जातं आणि मग ते अ‍ॅप स्ट्रीमर कधीच शोधू शकत नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन ते चालू करा.

लाइटचं आता. पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते-येते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. लाइट आली की स्ट्रीमर अर्ध्या-एक मिनिटात उठतो, ओएनटीला फायबर पकडून, वायफाय उभं करून द्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्ट्रीमर उठून बघतो, वायफाय नाही, काही वेळ शोधतो आणि काही मॉडेल सरळ हार मानतात. त्याला एकदा बंद करून चालू केलं की जोडला जातो. कायमचा उपाय म्हणजे ओएनटी आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालू ठेवणारी बॅटरी, लावणे, बाजारात राउटरसाठीचे मिळतात, फक्त अ‍ॅडाप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही. राउटर बंदच पडला नाही तर अर्धी भांडणं मिटतात.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर स्वतः स्ट्रीमर बनवणाऱ्यांसाठी यात आणखी एक खाच आहे. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डात बॅटरीवरचं घड्याळ नसतं, पाय ५ मध्ये सोय आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली की वेळ तिथेच थांबते, आल्यावर नेट मिळेपर्यंत त्याला जुनीच तारीख खरी वाटते, आणि तारीख चुकीची असली की गाण्यांच्या सर्व्हिसचं सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही, मग 'लॉगिन फेल' येतं. पासवर्ड बदलत बसू नका, नेट आल्यावर पाच मिनिटं थांबून परत सुरू करा. नव्याने त्याचं मेमरी कार्ड बनवताना वायफायचा देश भारत निवडा, देश न निवडल्यास त्याचं वायफाय बंदच राहू शकतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली असेल तर ती बोर्डापासून लांब ठेवा, ती २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. आणि अ‍ॅडाप्टर चांगला हवा, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, मोबाइलचा जुना चार्जर लावून वायफाय तुटतंय म्हणणारे खूप भेटतात.

गणपतीत वेगळीच परीक्षा. चाकरमानी आले की घरात एरवी पाच मशीन, त्या आठवड्यात पंचवीस. आरतीच्या आधी भजन लावावं तर अडखळतं. इथेही स्पीड दोषी नसतो. मांडवात, खळ्यात बसलेल्या फोनला सिग्नल कमी मिळतो, कमी सिग्नलचा फोन तोच व्हिडिओ उतरवायला हवेतला जास्त वेळ खातो, आणि त्याच बँडवरच्या सगळ्यांना वाट बघावी लागते. त्या दिवसांत स्ट्रीमर केबलवर नाहीतर, मध्ये चिऱ्याची भिंत नसेल तर, ५ वर ठेवा आणि बाकीच्यांना २.४ चा पासवर्ड द्या. एका बँडवर किती मशीन जोडता येतील याची मर्यादाही राउटरमध्ये असते, ती आधी बघून घ्या. याच वेळी स्ट्रीमरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत त्याचा पत्ता बदलणार नाही आणि अ‍ॅप जुन्या पत्त्यावर शोधत बसणार नाही.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. त्याने सगळं पुसलं जातं आणि भिंत, चॅनल, दोन डबे यातलं काहीच बदलत नाही. त्याआधी फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलंय का बघा, मग स्ट्रीमरमधून वायफाय विसरायला लावून परत जोडा. आणि कंपनीला फोन लावायची वेळ आलीच तर 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका, एलओएसचा दिवा कसा आहे, ओएनटीला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर काय स्पीड मिळतो, राउटरला पिंग नीट आहे पण ८.८.८.८ या गूगलच्या बाहेरच्या पत्त्याला तुटतंय का, आणि हे दिवसाच्या कुठल्या वेळी होतं, हे चार मुद्दे कागदावर लिहून मग बोला.